थंड प्रदेशातला कॅम्पस: आधी ऊन आणि आडोसा, मग इमारती

प्रश्न थोडक्यात असा आहे. ४५ अंश उत्तर अक्षांशाच्या आसपास, वर्षाचे चार-पाच महिने बर्फ असणाऱ्या जागी एका शिक्षणसंस्थेचा नवा कॅम्पस होतोय. सहा इमारती, बहुतेक चार मजली, म्हणजे साधारण १६ मीटर उंच. मधोमध ६० मीटर बाय ६० मीटरचा चौक, चारही बाजूंना इमारती. कॅन्टीन दक्षिणेकडच्या इमारतीत ठेवलंय, कारण मग त्याचं तोंड चौकाकडे येतं. हिवाळी वारा मुख्यतः वायव्येचा. संस्थाचालकांना मुलं हिवाळ्यातही बाहेर बसलेली हवी आहेत, आणि ते जमणार नसेल तर सगळ्या इमारती भुयारांनी जोडून टाकायची त्यांची तयारी आहे. शेवटी चौकावर काचेचं छप्पर घालायची कल्पनाही ओझरती मांडली आहे. लेआउट कसा करावा?

पहिली गोष्ट: कॅन्टीन चुकीच्या बाजूला आहे. बाकी नकाशा अजून बदलता येईल, पण एवढं आजच हलवा.

कारण साध्या गणितात आहे. ४५ अंशांवर २१ डिसेंबरला भर दुपारी सूर्य क्षितिजापासून जेमतेम साडेएकवीस अंश वर येतो. त्या उन्हात १६ मीटर उंच इमारतीची सावली ४० मीटर लांब पडते. सकाळी १० आणि दुपारी २ वाजता सूर्य सोळा अंशांवर असतो. तेव्हा सावली ५५ मीटर लांब होते आणि चौकात उत्तरेकडे ४८ मीटरपर्यंत पोहोचते. तुमचा चौक ६० मीटरचा आहे. म्हणजे दुपारी २ वाजता दक्षिणेची इमारत तुम्हाला उत्तरेच्या कडेला १२ मीटरचा पट्टा सोडते, आणि त्यातलाही पश्चिमेकडचा २६ मीटरचा तुकडा पश्चिमेची इमारत खाते. उरलं काय, तर चौकाचा नववा हिस्सा. आणि कॅन्टीनच्या दारासमोरची जागा? तिथे ऑक्टोबरच्या अखेरीपासून फेब्रुवारीपर्यंत उन्हाचा कवडसाही येणार नाही. पडलेला बर्फ तिथेच घट्ट होऊन काळपट बर्फाची लादी बनेल, आणि मुलं हातात ट्रे घेऊन तिच्यावरून घसरतील.

कॅन्टीन उत्तरेच्या इमारतीत न्या, तोंड दक्षिणेला. दक्षिणेची इमारत चारऐवजी दोन मजली करा, काढलेले दोन मजले उत्तरेवर चढवा. दक्षिणेची उंची ८ मीटर झाली की डिसेंबरच्या दुपारी सावली २० मीटरवर थांबते आणि ४० मीटर चौक उन्हात राहतो. चटईक्षेत्र तेवढंच, जमीन तेवढीच, फक्त मजल्यांची वाटणी बदलली.

सावलीचा एक गमतीदार नियम आहे, तो आर्किटेक्टांनाही बऱ्याचदा माहीत नसतो. विषुवदिनी, म्हणजे २१ मार्च आणि २३ सप्टेंबरच्या सुमारास, सपाट जमिनीवर कुठल्याही काठीच्या सावलीचं टोक दिवसभर पूर्व-पश्चिम सरळ रेषेत सरकतं. ४५ अंशांवर ही रेषा काठीच्या उंचीइतक्याच अंतरावर असते. म्हणजे पूर्व-पश्चिम पसरलेल्या १६ मीटर उंच इमारतीच्या सावलीची उत्तर कड त्या दिवशी सकाळपासून संध्याकाळपर्यंत १६ मीटरवरच राहते. पहिला कच्चा आराखडा काढताना ही रेषा सॉफ्टवेअर न उघडता पेन्सिलीने ओढता येते. मी अजूनही तेच करतो. डिसेंबरची रेषा आणि मार्चची रेषा, दोन्ही आधी कागदावर, मग इमारती.

आणि या दोन रेषांतली मार्चची जास्त महत्त्वाची आहे. संस्थाचालकांना 'हिवाळ्यातही बाहेर' म्हणजे जानेवारी दिसतो, पण जानेवारीत उणे पंधरामध्ये कुणी बाहेर निवांत बसत नाही, आणि कुठलाही लेआउट त्याला बसवू शकत नाही. आपल्या हातात आहेत ते हिवाळ्याचे दोन काठ: ऑक्टोबर-नोव्हेंबर आणि फेब्रुवारीचा शेवट ते एप्रिल. चांगल्या मांडणीने या काळातले बरेच दिवस 'बाहेर बसण्यासारखे' होतात, वाईट मांडणीने तेच दिवस वाया जातात. जानेवारीत फक्त एवढंच बघायचं, की एका दारातून दुसऱ्या दारापर्यंत माणूस चेहरा न झाकता जाऊ शकतो का.

आता वारा. हवेचं तापमान आपण बदलू शकत नाही. माणसाला लागणारी थंडी मात्र हवा, वारा, ऊन आणि आजूबाजूच्या भिंती-जमिनीची ऊब यांतून मिळून ठरते, आणि यातल्या हवेशिवाय बाकी सगळ्यांवर नकाशाचा ताबा आहे. कॅनडा आणि अमेरिकेत २००१ पासून वापरात असलेलं विंडचिलचं, म्हणजे वाऱ्यामुळे जाणवणाऱ्या थंडीचं, सूत्र घ्या. हवा उणे १० अंश आणि वारा ताशी ३० किलोमीटर असेल तर उघड्या चेहऱ्याला ती उणे २० सारखी लागते. वारा १० वर आणला तर उणे १५. पाच अंशांचा फरक नुसत्या आडोशाने पडला. शिवाय हे सूत्र ऊन धरतच नाही. उन्हासकट हिशेब हवा असेल तर यूटीसीआयसारखा, हवा, वारा आणि ऊन एकत्र मोजणारा निर्देशांक वापरावा लागतो. पण लेआउटच्या पातळीवर तो न काढताही एक गोष्ट लक्षात येते: ऊन एका ठिकाणी आणि आडोसा दुसऱ्या ठिकाणी असेल तर दोन्ही जवळजवळ फुकट जातात. नुसत्या उन्हातला माणूस वाऱ्याने उठतो, नुसत्या आडोशातला गारठ्याने.

म्हणून थंड प्रदेशातल्या कॅम्पसचा सगळा खटाटोप एका वाक्यात मावतो: ऊन, आडोसा आणि माणसांची मोकळी वेळ, तिन्ही एकाच जागी जुळवा. तुमच्या बाबतीत निसर्ग उदार आहे. वारा वायव्येचा आणि ऊन दक्षिणेचं, त्यामुळे उत्तरेच्या इमारतीच्या दक्षिण भिंतीलगतचा पट्टा दोन्ही अटी एकदम पुऱ्या करतो. वारा नैर्ऋत्येचा असता तर उन्हाच्याच बाजूने वारा आला असता आणि काम फार अवघड झालं असतं. तसं असेल तर उंच इमारतींनी काही होत नाही, काचेचे आडपडदे लावावे लागतात. १.८ मीटरचा पडदा बसलेल्या माणसाला पाच-सहा मीटरपर्यंतच वाचवतो, म्हणजे एक मोठी भिंत नको, छोटे-छोटे बरेच पडदे हवेत.

मात्र 'वारा वायव्येचा' हे कुठून आलं ते तपासा. बारा महिन्यांचा विंड रोझ, म्हणजे कुठल्या दिशेने किती वारा येतो याची आकृती, दाखवून असं म्हणणारे अहवाल मी ढिगाने पाहिलेत. वर्षभराच्या सरासरीत उन्हाळ्यातल्या संध्याकाळच्या सुखद झुळकाही मोजल्या जातात आणि रात्री ३ वाजताचा वाराही. तुम्हाला हवाय तो ऑक्टोबर ते एप्रिलचा, सकाळी ८ ते संध्याकाळी ६ मधला, आणि त्यातही शून्याखालच्या तासांचा वेगळा काढलेला. कधीकधी सगळ्यात जास्त वेळ वाहणारा वारा एका दिशेचा असतो आणि सगळ्यात बोचरा दुसऱ्याच. बचाव दुसऱ्यापासून करायचा. विमानतळावरचे आकडे मोकळ्या मैदानावर १० मीटर उंचीवर घेतलेले असतात, तुमची जागा दरीच्या तोंडाशी असेल तर ते तिथे लागूच पडत नाहीत. उतारावरची जागा असेल तर आणखी एक पाहा: निरभ्र रात्री थंड हवा जड होऊन पाण्यासारखी उताराने खाली ओघळते आणि खोलगट जागी किंवा आडव्या भिंतीमागे साचते. अशा डबक्यात चौक ठेवला तर सकाळी १० पर्यंत तो बाकी कॅम्पसपेक्षा थंडच राहील.

चौकाच्या आकारात ऊन आणि वारा यांचं भांडण आहे, ते मोकळेपणाने मान्य केलेलं बरं. दोन इमारतींमधलं अंतर त्यांच्या उंचीच्या साधारण दीडपटीपेक्षा कमी असेल तर वारा छपरांवरून घसरत पुढे निघून जातो, खाली फारसा उतरत नाही. अंतर वाढलं की तो खाली येतो. म्हणजे वाऱ्याच्या हिशेबाने तुमचा चौक २४ मीटरचा हवा आणि डिसेंबरच्या उन्हाच्या हिशेबाने ४० हून बराच मोठा. दोघांच्या मधला काहीतरी आकडा घेणं हा सगळ्यात वाईट तोडगा, त्यात ऊनही अर्धवट मिळतं आणि वाराही अर्धवट अडतो. त्यापेक्षा मोठा चौक मोठाच ठेवा, तो बघायला, ओलांडायला आणि बर्फात खेळायला. बसायच्या जागा मात्र त्याच्या उत्तर कडेला खिशांसारख्या शिवा: सहा-आठ मीटर खोल, दहा-बारा मीटर रुंद, पश्चिमेला बाहेर आलेली एखादी भिंत किंवा जिन्याचा बुरूज, मागे इमारत, पुढे ऊन. साठ मीटरच्या चौकाला असे तीन खिसे पुरतात.

खिसा कसा असावा हे मला कुठल्या पुस्तकाने शिकवलं नाही. बऱ्याच वर्षांपूर्वी आम्ही केलेल्या एका कॅम्पसवर दुसऱ्या हिवाळ्यात फेरी मारायला गेलो होतो. आम्ही मोठ्या हौसेने केलेला मधला चौक रिकामा, बाकांवर वीतभर बर्फ. मुलं दिसेनात. शेवटी ती सापडली बॉयलर रूमच्या मागे. दक्षिणेकडे तोंड असलेली विटांची भिंत, पश्चिमेला कोळशाच्या जुन्या कोठीची तीन मीटर पुढे आलेली आडवी भिंत, आणि त्या कोनात अर्धचंद्रासारखा एक कोरडा तुकडा, जिथला बर्फ आधीच वितळून गेला होता. भाजीचे पालथे घातलेले क्रेट मांडून आठ-दहा जण बसले होते, पाठी भिंतीला टेकून. एकाने हातमोजे काढून मांडीवर ठेवले होते आणि तो संत्रं सोलत होता. वर्गातून वसतिगृहाकडे जाणारी आडवाट तिथून चार पावलांवर होती, त्यामुळे येणारा-जाणारा प्रत्येक जण दोन मिनिटं थांबत होता. आमच्या नकाशात त्या जागेचं नाव 'सर्व्हिस यार्ड' होतं. तेव्हापासून जुना कॅम्पस वाढवायचं काम आलं की मी आधी विचारतो, बर्फ सगळ्यात आधी कुठे वितळतो?

त्या जागेत तीन गोष्टी होत्या. पाठीला भिंत, एका कुशीला आडोसा, आणि रहदारी अगदी जवळ. यातलं तिसरं आपण नेहमी विसरतो. थंडीत कुणी 'बाहेर बसायला' म्हणून शंभर मीटर चालत जात नाही. वाटेत ऊब दिसली तर थांबतो. त्यामुळे मुख्य पायवाट चौकाच्या मधून कर्णावर काढण्याऐवजी उन्हाच्या कडेने न्या. चौकाच्या मधून जाणारी वाट मुलं स्वतः पाडतीलच, ती पाडू द्या. पण दरवाजे, कॅन्टीन आणि वाचनालयाची पायरी उन्हाच्या कडेला असली तर खिसे आपोआप भरतात.

उत्तरेच्या इमारतीला दक्षिणेकडून पडवी द्यायची की नाही, असा प्रश्न हमखास येतो, कारण 'छपराने ऊन अडेल' अशी भीती असते. अडत नाही. साडेतीन मीटर उंचीच्या पडवीत डिसेंबरच्या दुपारचं ऊन पावणेनऊ मीटर आत शिरतं, म्हणजे तीन मीटर खोल पडवी भिंतीपर्यंत उन्हात न्हाते. जूनच्या दुपारी सूर्य ६८ अंशांवर असतो तेव्हा तेच ऊन दीड मीटरही आत येत नाही. पडवी दोन्ही ऋतूंत कामाची. तिच्या वळचणीचं मात्र बघा. दिवसा वितळलेलं पाणी वळचणीवरून ठिबकतं, संध्याकाळी तिथेच गोठतं, आणि नेमकी तिथे पायरी किंवा बाक असतो. छपराचा उतार आणि घसरणाऱ्या बर्फाची दिशा दाराच्या आणि वाटेच्या विरुद्ध बाजूला हवी. हे इमारतीचं नव्हे, लेआउटचंच काम आहे, कारण दार कुठे हे लेआउट ठरवतो.

बर्फावर थोडं सविस्तर लिहितो, कारण वाऱ्याचा अभ्यास करणारेही ते विसरतात. वारा बर्फ वाहून आणतो आणि जिथे त्याचा वेग मंदावतो तिथे टाकतो. म्हणजे जो आडोसा आपण माणसांसाठी केला, तोच बर्फाचा ढीग साचायची जागा. उत्तरेच्या इमारतीवरून येणारा वारा बर्फ नेमका तुमच्या उन्हाच्या पट्ट्यात ओतेल. त्यावर उपाय वाऱ्याच्या वरच्या बाजूला, म्हणजे वायव्येच्या मोकळ्या जमिनीवर, तो आधीच खाली पाडणं. निम्मी फट असलेलं स्नो फेन्स, म्हणजे बर्फ अडवायचं कुंपण, आपल्या उंचीच्या ३५ पटींपर्यंत लांब ढीग तयार करतं. म्हणजे अडीच मीटरचं कुंपण असेल तर त्याच्यापासून जवळजवळ ९० मीटरपर्यंत रस्ता किंवा इमारत नको. जागा नसेल तर कुंपण लावूच नका, जवळ लावलेलं कुंपण बर्फ थेट वाटेवर आणून टाकतं.

कायमसाठी तिथे सूचिपर्णी झाडांचा पट्टा चांगला. चाळीस-पन्नास टक्के फट असलेला पट्टा भरीव भिंतीपेक्षा जास्त लांबवर वारा मंद करतो, उंचीच्या दहा-पंधरा पटींपर्यंत. भरीव भिंतीमागे वारा गोल फिरून पुन्हा लवकर जमिनीवर येतो. फक्त माळ्याला सांगून ठेवा की खालच्या फांद्या छाटायच्या नाहीत. बुंधे मोकळे झाले की वारा नेमका माणसाच्या उंचीवरून, आणि आधीपेक्षा जोरात, आत येतो. चौकाच्या दक्षिणेला मात्र सूचिपर्णी नकोतच, आणि पानगळीची झाडंही बेतानेच. पानं गळाली तरी दाट फांद्यांचं झाड हिवाळ्यातलं बरंच ऊन अडवतं, 'पानगळीचं आहे, चालेल' हा अर्धा दिलासा आहे.

काढलेला बर्फ टाकायची जागाही आजच नकाशावर दाखवा. ती वाटेच्या उताराच्या खालच्या अंगाला हवी. वरच्या अंगाला ढीग घातला तर मार्चभर दिवसा त्यातून पाणी वाटेवर येतं आणि रात्री गोठतं. आणि तो ढीग खिशांच्या दक्षिणेला घालू नका. हे सांगावं लागतं, कारण बर्फ ढकलणाऱ्या गाडीच्या चालकाला सगळ्यात मोकळी जागा तीच दिसते.

इमारतींमधल्या फटी. वायव्येच्या कोपऱ्यात दोन इमारतींमध्ये फट ठेवलीत आणि तिच्या समोर आग्नेयेला दुसरी, तर चौक म्हणजे बोगदा. फटी समोरासमोर ठेवू नका. एक वळण तरी पडलं पाहिजे. वायव्येचा कोपरा इंग्रजी 'एल'सारखा जोडून टाका, हवं तर तळमजल्यावर दार असलेला काचेचा दुवा करा. इमारत खांबांवर उचलून खालून मोकळी वाट काढायचा मोह होतो. तो थंड वाऱ्याच्या प्रदेशात आवरा. अमेरिकेतल्या एमआयटीच्या कॅम्पसवर १९६४ मध्ये झालेली, वास्तुकार आय. एम. पेई यांची २१ मजली ग्रीन बिल्डिंग याच कारणासाठी या धंद्यात प्रसिद्ध आहे. उंच भिंतीवर आपटलेला वारा खाली उतरून पायथ्याच्या मोकळ्या भागातून एवढ्या जोरात घुसे की वादळी दिवशी दारं उघडणं मुश्कील होई, आणि शेवटी फिरती दारं बसवावी लागली. माझ्या हातूनही हे झालंय, लहान प्रमाणात. एका संस्थेच्या ग्रंथालयाखालून मी वाऱ्याच्या रेषेतच सुरेख कमानीची वाट काढली होती. पहिल्या हिवाळ्यात पहारेकऱ्याने ग्रंथालयाचं दार दोरीने बांधून ठेवलं आणि मुलांना मागच्या दाराने पाठवायला सुरुवात केली. नंतर आम्ही कमानीत काचेचा आडपडदा आणि आडव्या बाजूने दार बसवलं. कमान अजून सुंदर दिसते. तिच्यातून जात कुणीच नाही.

तुमच्या सहा इमारतींत एखादी आठ मजली होणार असेल, तर तिच्या पायथ्याचं वेगळं बघा. आजूबाजूच्या छपरांपेक्षा दुप्पट उंच इमारत वरचा वेगवान वारा खाली खेचून आणते आणि तिच्या कोपऱ्यांवर तो सगळ्यात जोरात असतो. मुख्य दार कोपऱ्यावर नको. पायथ्याशी इमारतीचा दोन मजली भाग बाहेर पसरलेला असला तर खाली येणारा वारा त्या छपरावर आपटतो, माणसांवर नाही. आणि अशा इमारतीसाठी विंड टनेलची चाचणी करा, संगणकावरची साधी प्रतिरूपं इमारतीच्या मागच्या बाजूचा वारा नीट सांगत नाहीत, आणि आपल्याला तर तीच बाजू हवी असते.

सल्लागार तुम्हाला लॉसनच्या निकषांचा, म्हणजे कुठल्या कामाला किती वारा चालतो याचा, तक्ता देईल: बसायला ४ मीटर प्रति सेकंद, उभं राहायला ६, फिरायला ८, आणि वेग त्याहून जास्त असण्याचं प्रमाण पाच टक्के वेळेपेक्षा कमी. तक्ता चांगला आहे, पण तो वाऱ्याच्या धक्क्यासाठी आहे, गारठ्यासाठी नाही. ४ मीटरचा वारा मे महिन्यात झुळूक आणि नोव्हेंबरमध्ये हाल. मी थंड जागी प्रत्येक जागेला एक पायरी कडक निकष लावतो. बसायच्या खिशात वारा २ मीटरच्या आसपास हवा, असा माझा आग्रह असतो.

भुयारांचं काय? ओटावातल्या कार्लटन विद्यापीठात इमारती जोडणाऱ्या भुयारांचं सुमारे पाच किलोमीटरचं जाळं आहे, आणि उणे पंचविसात ते वरदानच वाटतं. पण सगळंच जोडून टाकलं की छान हवेच्या दिवशीही माणसं सवयीने खालूनच जातात आणि वरचा कॅम्पस ओस पडतो. मी मधला मार्ग सुचवेन. चालणारा माणूस बसलेल्याच्या दुपटीहून जास्त उष्णता तयार करतो, त्यामुळे दोन-तीन मिनिटांचा उघडा टप्पा त्याला जड जात नाही. दोन दारांमध्ये उघड्यावर दोनशे मीटरपेक्षा जास्त चालावं लागू नये, हा माझा ठोकताळा. जोडवाट हवीच असेल तर ती जमिनीवर घ्या, चौकाच्या उत्तर आणि पश्चिम कडेने, चौकाकडून काचेची, दर तीसेक मीटरवर बाहेर दार. मग तीच वाट वाऱ्याला भिंत होते, आणि आतून चालणाऱ्याला बाहेरचं ऊन दिसत राहतं.

इमारतीलाच भिंत करायची ही कल्पना जुनी आणि कसाला लागलेली आहे. वास्तुकार राल्फ अर्स्किन यांनी स्वीडनच्या उत्तरेत ती मांडली, आणि १९७०च्या दशकात कॅनडाच्या क्यूबेकमधल्या फेरमाँ या लोहखाणीच्या गावात ती पूर्ण वाढीला गेली: सुमारे १.३ किलोमीटर लांब, पाच मजल्यांपर्यंत उंच सलग इमारत, आत घरं, दुकानं, शाळा, आणि तिच्या आडोशाला बाकी गाव. कॅम्पसला एवढं टोक गाठायची गरज नाही. पण वसतिगृहासारखी लांबट, एकसुरी इमारत वायव्येला आडवी टाकणं हा त्याच विचाराचा सोपा वापर आहे. वायव्येकडच्या अंगाला जिने, न्हाणीघरं, कोठ्या, खोल्या दुसऱ्या अंगाला.

दिशा ठरवताना घड्याळही बघा. सौर दुपार, म्हणजे सूर्य सगळ्यात वर असतो ती वेळ, आणि घड्याळातली दुपार यांत तासाभराचा फरक सहज असतो. मधली सुट्टी १ वाजता असेल तर सूर्य त्या वेळी नेमका कुठे आहे त्यावरून खिशाचं तोंड पाच-दहा अंश फिरवा. लडाखमधल्या शे इथल्या ड्रुक व्हाइट लोटस शाळेत याचा नेमका वापर दिसतो: वर्गांच्या इमारती दक्षिणेपासून पूर्वेकडे ३० अंश वळवल्यात, कारण वर्ग सकाळी लवकर तापायला हवेत, आणि राहण्याच्या इमारतींचं तोंड थेट दक्षिणेला आहे. कुठली जागा किती वाजता वापरली जाणार, यावरून तिचं तोंड ठरलं. चौकाच्या खिशांनाही तेच लावा. एक सकाळचा, दोन दुपारचे.

बाकांवर दोनच ओळी. बैठक लाकडाची हवी. ग्रॅनाइट लाकडाच्या साधारण वीसपट सहज उष्णता ओढून घेतो, आणि तो दिसायला कितीही भारदस्त असला तरी नोव्हेंबरनंतर त्यावर कुणी टेकत नाही. पाठीमागची भिंत गडद आणि जड असली तर उन्हाने तापून तासभर ऊब देते.

चौकावर काचेचं छप्पर घालायची ती ओझरती कल्पना सोडून द्या. एवढ्या मोठ्या छपराचा बर्फाचा भार, त्याची साफसफाई आणि तापवण्याचा खर्च एकीकडे, आणि त्यानंतर 'बाहेर' असं काही उरतच नाही.

आता लगेच करायचं काम. प्लॉटवर या हंगामाचा बर्फ अजून आहे, तो जाण्याआधी एकदा जा. दर वीस मीटरवर माणसाच्या छातीइतक्या उंचीची काठी रोवा, तिला हलकी रिबीन बांधा, आणि वारा असलेल्या दिवशी दुपारी १२ ते २ तिथे उभे राहा. बर्फाच्या ढिगांची शेपटी कुठे निमुळती होते, ते प्रत्येक काठीजवळ लिहून ठेवा. ढिगाची शेपटी वाऱ्याच्या खालच्या अंगाला असते, आणि ती नकाशातल्या वायव्येच्या बाणाशी जुळत नसेल तर या सल्ल्यातली उत्तर आणि पश्चिम आधी दुरुस्त करून घ्यावी लागेल.